बारा खिळे आणि एक ऑक्टोपस

भिंत मिळाली तेव्हा भाऊसाहेबांची अर्धी दाढी करून झाली होती.

"अहो, सोफ्यामागची भिंत रंगवून झाली," बायको बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाली. "ती तुमची. तिच्यावर काय लावायचं ते तुम्ही ठरवा."

भाऊसाहेबांचा हात गालावरच थांबला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत पडदा, पायपुसणं, कपबशी किंवा साबणाची डबी, कशाच्याही बाबतीत त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बायकोची पसंती चांगली आहे हे ते चारचौघांत कबूल करत. "घरात माझ्या पसंतीची वस्तू एकच, आमची ही," असं ते म्हणत, आणि त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं असे, "तीसुद्धा तुमच्या आईंनी पसंत केली होती."

"अट एकच," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी ताई आणि भाऊजी येतायत. तोवर भिंत भरलेली हवी. नाहीतर भाऊजी धबधबा आणणार आहेत, तो लावू." एवढं बोलून ती हसली आणि आत गेली.

आता या धबधब्याबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. भाऊसाहेबांच्या साडूंकडे भिंतीवर एक काचेचं चित्र होतं. बटण दाबलं की मागे दिवा लागायचा, चित्रातलं पाणी खाली पडल्यासारखं दिसायचं, खळखळ आवाज यायचा आणि मधूनमधून एक पक्षी खोकल्यासारखं काहीतरी करायचा. त्या खोलीत बसलेला प्रत्येक पाहुणा पंधरा मिनिटांत उठून बाथरूम कुठे आहे ते विचारी. साडूंना ही वस्तू इतकी प्रिय होती की तसलीच दुसरी त्यांनी या घरासाठी घेऊन ठेवली होती. घरचं झालं थोडं, साडूने धाडलं घोडं, असं भाऊसाहेब मनात म्हणाले आणि राहिलेली अर्धी दाढी करताना दोनदा कापून घेतलं.

शनिवारी ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. तिथे एका कोपऱ्यात सुतळीने बांधलेली एक गुंडाळी होती. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्राणिशास्त्राच्या कुठल्याशा ग्रंथाची ही चित्रांची पानं. ग्रंथ वाळवीने खाल्ला होता, चित्रं तिला आवडली नसावीत. बारा पानं, बारा समुद्री प्राणी. खेकडा, कासव, तारामासा, समुद्रघोडा, जेलीफिश, अंगावर काटे फुलवून बसलेला एक गोल मासा, सगळे बारीक रेघांनी काढलेले आणि हाताने रंगवलेले. आणि सर्वांत खाली ऑक्टोपस. विटकरी रंगाचा. आठ हात आठ दिशांना पसरलेले, पण चेहऱ्यावर रजा मंजूर झालेल्या माणसाचा निवांतपणा. भाऊसाहेब पंचवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करत होते आणि हल्ली हेडक्लार्क होते. आठ हात असूनही कोणतंच काम न करणारा प्राणी त्यांनी इतक्या आदराने कधी काढलेला पाहिला नव्हता. ते त्याच्या प्रेमातच पडले.

बायकोने बाराही चित्रं पाहिली. "सगळं पाण्यातलंच?" तिने विचारलं.

"सगळं."

"बरं," ती म्हणाली. "तुमची भिंत आहे."

बायकोने 'तुमची भिंत आहे' म्हणणं आणि 'छान आहेत' म्हणणं यांत केवढं अंतर असतं ते नवऱ्यांना सांगायला नको.

शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्या साखर विसरून चित्रंच बघत बसल्या. "भाऊसाहेब, राग मानू नका, पण यांचे डोळे बघा. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या मानेकडे टक लावून बघणार हे. त्यापेक्षा फळं लावा. फळं कोणाकडे बघत नाहीत." वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर मात्र खूश झाले. चित्रांशी त्यांना कर्तव्य नव्हतं, भिंतीशी होतं. "खिळे मी ठोकणार," त्यांनी जाहीर केलं. "एक रेष इकडची तिकडे व्हायची नाही. मंगळवारी रजा टाका."

फ्रेमवाल्याने पानं हातात घेतली तर ती सुरकन पुन्हा गुंडाळली गेली. "यांना आळस चढलाय," तो म्हणाला. "चार दिवस जड वजनाखाली दाबून ठेवा आणि मग आणा. मी बारा फ्रेमा करून ठेवतो. आणि एक सांगतो, बारा म्हणजे बाराच कागद आणा. माझ्या दुकानातून रिकामी फ्रेम बाहेर जात नाही. रिकामी दिली की लोक तिच्यात वाटेल ते घालतात आणि नाव माझं खराब होतं." दुकानातल्या फ्रेमा खरोखरच भरलेल्या होत्या. एकीत तर औषधाच्या बाटलीबरोबरचा माहितीचा कागद होता.

घरात जड वस्तू नव्हत्या. कचेरीत होत्या. सोमवारी भाऊसाहेबांनी बाराही पानं आपल्या टेबलावर पसरली, वर नळजोडण्यांची चार जाडजूड रजिस्टरं ठेवली आणि निश्चिंत झाले. हाच तो क्षण, जेव्हा कोणीतरी त्यांना आवरायला हवं होतं.

मंगळवारी रजा घेऊन खिळे ठोकण्याचा कार्यक्रम झाला. इंजिनियरांचं आयुष्य पूल बांधण्यात गेलेलं, त्यामुळे खिळेही त्याच मापाचे होते. त्यांनी दोऱ्या ताणल्या, पाणी भरलेली नळी लावून पातळी घेतली, दोनदा चहा घेतला आणि बारा खिळे असे ठोकले की बघणाऱ्याने थांबून शाबासकी द्यावी. सातव्या खिळ्याला शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यामागून लोखंड बाहेर आलं होतं. भाऊसाहेबांनी हात जोडून माफी मागितली आणि खिळा काढतो म्हणाले, तेव्हा काकू थोडा विचार करून म्हणाल्या, "राहू दे. गाळणी अडकवली मी त्याला. बावीस वर्षं गाळणीला जागा नव्हती." त्यांच्याही घरात बावीस वर्षंच झाली होती, हा योगायोग.

बुधवारी सकाळी भाऊसाहेब कचेरीत आले तर टेबलावर नळजोडण्यांची रजिस्टरं होती आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

"रजिस्टरं काल बिलांच्या टेबलाला लागली," आवकबाई म्हणाल्या. त्यांचं काम कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून क्रमांक टाकण्याचं, म्हणून त्यांना सगळे आवकबाई म्हणत. "ती उचलली तर खाली बारा कागद. एकावरही आवक क्रमांक नाही. मी टाकले. चार हजार चारशे एकाहत्तर ते ब्याऐंशी."

"अहो बाई, ती माझी खासगी चित्रं आहेत!"

आवकबाईंनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे परिपत्रक डकवलेलं होतं. 'सकाळी अकरानंतर कोणत्याही टेबलावर, कोणाच्याही मालकीचा, आवक क्रमांक नसलेला कागद आढळल्यास तो तत्काळ आवक करण्यात यावा. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.' खाली सही भाऊसाहेबांची. सहा महिन्यांपूर्वी एक महत्त्वाचा कागद हरवला म्हणून त्यांनी आवकबाईंना सगळ्यांसमोर बोल लावले होते आणि हे परिपत्रक काढलं होतं. तो कागद पुढे त्यांच्याच ड्रॉवरमध्ये जेवणाच्या डब्याखाली सापडला, पण परिपत्रक मागे घेतलं गेलं नाही. आवकबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. शहाणी माणसं वाट बघतात.

"मग ती आता कुठे आहेत?"

"विषय बघून टेबल ठरवावं लागतं ना. पाण्यात प्राणी. मी दूषित पाण्याच्या तक्रारींकडे पाठवली."

यापुढचं सगळं नियमाने झालं, म्हणूनच ते थांबवता आलं नाही. दूषित पाण्याच्या टेबलावरचा कारकून नवा आणि कमालीचा प्रामाणिक होता. पाण्यात प्राणी आढळल्याच्या बारा तक्रारी एकाच दिवशी पाहून त्याला घाम फुटला. त्याने प्रत्येक चित्राच्या समासात शेरे लिहिले. तारामाशावर, 'पाच हात. मोजले. बरोबर.' कासवावर, 'नळाच्या तोटीतून येणे कठीण वाटते.' खेकड्यावर, 'एक नांगी लहान दिसते. खुलासा घ्यावा.' आणि ऑक्टोपसच्या कपाळावर आवकबाईंचा गोल निळा शिक्का आधीच बसलेला होता, त्याखाली, 'अत्यंत तातडीचे.'

भाऊसाहेबांनी खेकड्याचा खुलासा लेखी दिला. एक नांगी लहान असणे हे सदर जातीत स्वाभाविक असून त्यात अर्जदाराची चूक नाही, असं त्यांनी लिहिलं. अपमान होत असतानाही वाक्य चांगलं जमल्याचं त्यांना समाधान वाटलं. पण कागद परत हवे असतील तर वेगळा अर्ज लागतो, त्यात 'कागद परत हवे असण्याचे कारण' हा रकाना असतो आणि तो रिकामा चालत नाही. हा रकानाही भाऊसाहेबांनीच काढला होता. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारी माणसं असतात, पण हा धोंडा त्यांनी तीन प्रतींत मारून घेतला होता. ते पेन घेऊन बसले. सरकारी कागदावर खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. जेवणाची सुट्टी गेली, चहा निवून गेला, आणि त्यांनी खरं ते लिहून टाकलं.

गुरुवारी दुपारी घरी फोन करावा म्हणून त्यांनी रिसिव्हर उचलला, तर पलीकडून बायकोचाच आवाज आला. "अहो, तुमच्या कचेरीतला माणूस बाटली घेऊन आलाय. आपल्या नळातून ऑक्टोपस आल्याची तक्रार आहे म्हणतो. मी नाही म्हटलं तर म्हणाला, ताई, तक्रारदार तुमचे मिस्टरच आहेत."

"त्याला पाण्याचा नमुना देऊन टाक," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले.

"दिला. आता तो म्हणतो, निकाल येईपर्यंत इमारतीचं पाणी बंद."

संध्याकाळी भाऊसाहेब जिना चढले तेव्हा प्रत्येक मजल्यावर माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती. त्यांना पाहताच बादल्या खणखणल्या. इंजिनियरांच्या केसांना साबण वाळून राहिला होता. "खिळे मी ठोकले, ते माझं चुकलं," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "फळं लावली असती तर फार तर आंबट निघाली असती." घरात सोफ्यामागे बारा उघडे खिळे होते आणि बायकोने त्यांतल्या एकाला छत्री, एकाला बाजाराची पिशवी अडकवली होती. पिशवी ऑक्टोपसच्या खिळ्याला होती. भाऊसाहेबांना ती पिशवी पाहून फार वाईट वाटलं. बायको रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागावली नाही. तिने समोरच्या इमारतीतून उसनं आणलेल्या पाण्याचा चहा केला आणि म्हणाली, "राहू द्या हो. भाऊजींचा धबधबा लावून टाकू. खिळे तर आहेतच."

शुक्रवारी निकाल आला. मोठ्या साहेबांनी फाईल उघडली, बाराही प्राणी नीट पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि मग लिहिलं, 'नळाचे पाणी तपासले. प्राणी आढळले नाहीत. सबब प्राणी अर्जदारास परत करावेत. नियमाप्रमाणे एक नमुना दप्तरी ठेवावा.' नियम कोणाचा, हे आता विचारायला नको.

"साहेब, एक विनंती होती," भाऊसाहेब म्हणाले. "नमुना म्हणून कासव ठेवलंत तर?"

"कासव कशाला? कचेरीत कासवं भरपूर आहेत," साहेब म्हणाले आणि त्यांनी ऑक्टोपस उचलून आपल्या खुर्चीमागे टेकवला. "हा हवा. आठ हात! स्टाफला आदर्श राहील."

भाऊसाहेबांनी शेवटचं एकदा त्या निवांत चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर शिक्का, खाली तातडीचा शेरा, तरी तो तसाच निवांत होता. दारातून बाहेर पडताना त्यांचे डोळे भरून आले, आणि आवकबाईंनी ते पाहिलं. बाईंनी उठून फाईल नीट बांधून त्यांच्या हातात दिली. "सगळे कागद आत घातलेत, भाऊसाहेब. एकही राहिला नाही," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्या खरोखरच चांगल्या मनाने बोलत होत्या. कटकट झाली ती तिथेच.

पाणी सुरू झालं. शनिवारी फाईल फ्रेमवाल्याकडे गेली. शिक्के पाहून तो म्हणाला, "सरकारी माल दिसतोय. उद्या अकराला घरी पोचवतो." भाऊसाहेबांनी अकराच चित्रं आहेत हे त्याला सांगायला हवं होतं. पण माणूस दुःखात असला की मोजणी विसरतो.

रविवारी साडू आणि मेहुणी साडेदहालाच आले. साडूंच्या काखेत कागदात गुंडाळलेला धबधबा होता. घरात शिरताशिरता त्यांनी प्लग कुठे आहे ते विचारलं. काकू पाहुणे बघायला, इंजिनियर खिळे बघायला, असे दोघेही येऊन बसले. अकराला फ्रेमवाला आला आणि त्याने कोणाला काही न विचारता बाराही फ्रेमा बारा खिळ्यांवर चढवून दिल्या. पिशवीच्या जागीसुद्धा.

साडू भिंतीजवळ गेले. ते चित्रं बघतील असं वाटलं होतं, पण ते शेरे वाचू लागले. "'पाच हात. मोजले. बरोबर.' वा! 'एक नांगी लहान दिसते. खुलासा घ्यावा.'" ते हसायला लागले, इतके की त्यांना सोफ्याचा आधार घ्यावा लागला. मेहुणी हसली, इंजिनियर हसले. भाऊसाहेब चहाच्या ट्रेमागे उभे होते आणि आपण स्वतः चित्रातला मासा असतो तर बरं, असं त्यांना वाटत होतं. साडू सरकत सरकत बाराव्या फ्रेमपाशी पोचले. "आणि हे काय? हा तर नुसता कागद! 'कागद परत हवे असण्याचे कारण.'"

भाऊसाहेब ट्रेसकट पुढे सरसावले. "साडूभाऊ, ते नको. तेवढं वाचू नका."

पण साडू मोठ्याने वाचतच होते. "'सदर चित्रे अर्जदारास घरी लावावयाची आहेत. अर्जदाराच्या घरात बावीस वर्षांत अर्जदाराच्या पसंतीची वस्तू नाही. याबाबत तक्रार नाही, कारण पत्नीची पसंती अर्जदारापेक्षा चांगली आहे. तथापि, पत्नीने आपण होऊन एक भिंत दिली आहे. देताना ती हसली होती (पत्नी, भिंत नव्हे).'" इथे साडू पुन्हा हसले, पण एकटेच. त्यांचा आवाज जरा खाली आला. "'भिंत रिकामी राहिल्यास, दिलेले अर्जदारास नीट ठेवता आले नाही, असे पत्नीस वाटेल. अर्जदारास धबधब्याची भीती नाही. याची आहे. सबब विनंती.'"

फ्रेमवाला दाराशी चुळबुळत म्हणाला, "एक चित्र कमी होतं. फाईलमध्ये हा कागद होता, तो घातला. रिकामी फ्रेम मी देत नाही."

बायको उठली. भाऊसाहेबांच्या हातातला ट्रे तिने काढून घेतला आणि टेबलावर ठेवला, कारण सांडायची वेळ आली होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि डब्यांवर नावं लिहायचं जाड पेन घेऊन आली. बाराव्या फ्रेमच्या काचेवर, अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात, तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'मंजूर. भिंत कायमची.' खाली सही केली आणि तारीख टाकली.

भाऊसाहेबांनी चष्मा सावरून पाहिलं. सही होती, तारीख होती. आवक क्रमांक नव्हता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो मागितला नाही.

"अगं, पण मग हा धबधबा?" मेहुणीने विचारलं.

"बाथरूममध्ये लावू, ताई," बायको म्हणाली. "तिथे प्लग आहे, आणि पाण्याची वस्तू पाण्याजवळ बरी." साडूंना ही कल्पना आवडली. पुढे त्या घरातून परतणारा प्रत्येक पाहुणा नळ उघडा राहिला की काय म्हणून दोनदा मागे वळून पाही, ती गोष्ट निराळी.

काकू मात्र अजून भिंतीसमोरच होत्या. चष्मा आणायला त्या विसरल्या होत्या आणि ऐकायला त्यांना जरा कमीच येई. खेकडा, कासव, समुद्रघोडा असं एकेक करत त्या शेवटच्या फ्रेमपाशी आल्या आणि डोळे बारीक करून उभ्या राहिल्या.

"बाकीचे ओळखले," त्या म्हणाल्या. "हा शेवटचा कुठला गं प्राणी?"

"हा होय?" बायको भाऊसाहेबांच्या कपात साखर घालत म्हणाली. "हा आमच्या घरातलाच आहे, काकू. मी पसंत केलेला."